मंडळीत मनापासून सामील व्हायचं असेल तर

नोकरीनिमित्त पुण्यात आलेली कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं एकाच चर्चला जातात, मागच्या बाकावर बसतात, आशीर्वाद झाला की गाडी काढतात आणि वर "इथली मंडळी (म्हणजे या चर्चचा सभासदवर्ग) थंड आहे" म्हणतात. त्यांना ठरलेला सल्ला मिळतो: प्रार्थना करा, प्रभू जागा दाखवील. प्रार्थना जरूर करा, पण उपासनेनंतर खुर्च्या कोण उचलणार हे तेवढ्याने ठरत नाही. पुढचं सगळं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सी.एन.आय.च्या, मराठी मंडळ्या डोळ्यांपुढे ठेवून सांगतो.

मंडळी निवडा. चार रविवार पुरेत. संदेश, म्हणजे प्रवचन, किती रंगतो यावरून निवडू नका; पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, बदली होते, मंडळी तिथंच राहते. घरापासून अर्ध्या तासाच्या आत असलेली बरी, कारण आठवड्यात दुसऱ्यांदाही जायचं आहे.

सी.एन.आय. म्हणजे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एकत्र आलेल्या सहा चर्चेस. त्यामुळे पाटी एक असली तरी रीत एक नाही. अमेरिकन मिशनऱ्यांच्या, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या, वळणात वाढलेल्या नगरकडच्या माणसाला अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) परंपरेतल्या, पुण्याच्या पंचहौद चर्चसारख्या ठिकाणी कुठं उभं राहायचं नि कुठं गुडघे टेकायचे इथपासून चुकल्यासारखं होतं. शेजारच्याकडं बघा आणि तसं करा. "आमच्याकडं असं नव्हतं" हे वाक्य पहिलं वर्ष तोंडातून काढू नका.

कागद. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) दाखले, जुन्या पाळकांचं बदलीपत्र, म्हणजे सभासदत्व इकडं वळवल्याची चिठ्ठी. जुनी वर्गणी थकली असेल तर आधी भरा.

काम धरा. घोडं अडतं ते इथं. नवा माणूस उत्साहात पाळकांना म्हणतो, "काहीही काम सांगा." काहीही म्हणणाऱ्याला कुणी काहीच सांगत नाही. शिवाय मंडळीतलं प्रत्येक काम कुणाच्या तरी हातात आधीपासून असतं, आणि ते त्या माणसाचं मानाचं स्थान असतं. प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीची, भांडी एखाद्या मावशी वीस वर्षं घासत असतील, तर "आता मी करते, तुम्ही बसा" हा मदतीचा नव्हे, हकालपट्टीचा सूर आहे.

म्हणून काम मागू नका, हाताखाली जा. "मावशी, पुढच्या वेळी पेले पुसायला येऊ का?" एवढंच विचारा. मग त्या सांगतील तसं करा. काचेच्या छोट्या पेल्यांत द्राक्षरस वाळला की तळाशी चिकट थर धरतो, म्हणून ते दुपारी घरी जायच्या आत कोमट पाण्यात टाकायचे, संध्याकाळवर ढकलायचे नाहीत. ही अक्कल कुठल्या समितीच्या ठरावात मिळत नाही, मावशींकडंच मिळते. सहा महिने सुधारणा सुचवू नका, यंत्र आणू नका. एक दिवस कपाटाची किल्ली आपसूक तुमच्या हाती येते.

एकच काम धरा आणि वर्षभर सोडू नका. तरुण संघ, गायनवृंद, संडे स्कूल असं तिन्हीकडं नाव देणारा नाताळ उरकला की कुठंच दिसत नाही, आणि पुढं त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. गावाला जाणार असाल तर बदली माणूस तुम्हीच बघा आणि शुक्रवारपर्यंत कळवा. दान मोजण्याचं काम आलं तर एकट्यानं कधीही मोजू नका: दोघं जण, तिथल्या तिथं वहीत आकडा, दोघांच्या सह्या. "विश्वासातली माणसं आहोत" म्हणून सही टाळणाऱ्याबरोबर मोजायला बसूच नका.

घरची प्रार्थनासभा. आधी चार घरी जा, मग आपल्या घरी बोलवा. दोन-तीन गीतं, शास्त्रवाचन, छोटा संदेश, विनंत्या, आशीर्वाद. पाऊण तासात आटपा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन सगळ्यांना पाठ असतं, तेच घ्या. नवी चाल शिकवायची ही वेळ नाही. खायला चहा-बिस्किटंच. एका घरानं पावभाजी केली की पुढच्या घराला गुलाबजाम करावे लागतात, आणि ज्याला परवडत नाही तो सभा घ्यायचीच बंद करतो. बऱ्याच वाड्यांतल्या सभा अशाच मोडल्या, वर "विश्वास कमी झाला" असं निदान झालं!

विनंत्यांत ऐकलेलं आजारपण किंवा मोडलेलं लग्न व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकायचं नाही. "प्रार्थनेसाठीच सांगतोय" ही चहाडीची सगळ्यात सभ्य सुरुवात आहे.

दान. पगार झाला की आधी पाकीट भरा. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, झेपत नसेल तर झेपेल ती रक्कम ठरवा, पण दर महिन्याला द्या, आणि पावती घ्या.

गटबाजी. असतेच, विशेषतः कमिटीच्या निवडणुकीआधी. नव्या सभासदाला दोन्हीकडून चहाचं आमंत्रण येतं आणि "खरं काय घडलं" ते कानावर घातलं जातं. चहा प्या, आपलं मत सांगू नका. पहिली दोन वर्षं कमिटीत उभं राहू नका; मिळालेली खुर्ची बहुतेकदा कुणाला तरी पाडण्यासाठी असते. तुमचंच कुणाशी वाजलं तर मत्तय १८:१५-१७ मधला क्रम पाळा: आधी एकट्यानं जाऊन त्याला सांगा, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, मंडळीपुढं त्यानंतर. लोक नेमके शेवटच्या पायरीपासून सुरू करतात, तेही वार्षिक सभेत माइक हातात घेऊन.