ग्रान तुरिस्मो ७ चे नवे अपडेट आल्यावर काय तपासावे

जपानमधील पॉलिफनी डिजिटल या स्टुडिओने ग्रान तुरिस्मो ७ हा मोटारशर्यतीचा गेम ४ मार्च २०२२ रोजी प्लेस्टेशन ४ आणि ५ साठी आणला. तेव्हापासून त्यात अपडेटद्वारे गाड्या, ट्रॅक आणि शर्यतींची सतत भर पडत आली आहे. अपडेटच्या काही दिवस आधी स्टुडिओचे प्रमुख काझुनोरी यामाउची नव्या गाड्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या समाजमाध्यमांवर टाकतात, आणि मग जगभरचे चाहते त्या ओळखण्यात गुंग होतात. ओळखण्याचा हा खेळ मजेदार असला, तरी अपडेटमधील सर्वांत महत्त्वाची ओळ बहुधा गाड्यांच्या यादीत नसते. ती बदलांच्या टिपणात खाली, भौतिकी (गेममध्ये गाडी रस्त्यावर कशी वागते त्याचे गणित) किंवा टायर यांविषयीच्या एखाद्या कोरड्या वाक्यात दडलेली असते. म्हणून अपडेट उतरवून लगेच शर्यतीला लागण्याऐवजी पुढील क्रमाने तपासणी करावी.

सर्वप्रथम कन्सोलवरील रिकामी जागा पाहावी. प्लेस्टेशन ४ वर अपडेट उतरल्यानंतर फाइल ‘कॉपी’ होण्याचा वेगळा टप्पा असतो आणि त्यासाठी अपडेटच्या आकारापेक्षा बरीच जास्त मोकळी जागा लागते. त्यामुळे लहानसे अपडेटही अडून बसू शकते. प्लेस्टेशन ५ वर ही अडचण फारशी जाणवत नाही. सेटिंग्जमध्ये आपोआप डाउनलोड आणि रेस्ट मोडमधील इन्स्टॉलेशन हे दोन्ही पर्याय चालू ठेवले, तर रात्रीतून काम उरकते. आवृत्ती जुनी राहिली, तर गेमच्या सर्व्हरशी जोडणी होत नाही, आणि या गेमचा बहुतांश भाग इंटरनेट जोडणीवरच चालतो. जोडणीशिवाय म्युझिक रॅली (संगीताच्या साथीने गाडी चालवण्याचा प्रकार) आणि आर्केड स्वरूपाच्या मर्यादित शर्यती एवढेच हाती राहते.

हे अवलंबित्व किती महागात पडू शकते, हे मार्च २०२२ मध्ये सर्वांनी पाहिले. १.०७ या अपडेटच्या वेळी एक दोष आढळल्याने सर्व्हर तीस तासांहून अधिक काळ बंद राहिले. त्याच अपडेटने काही शर्यतींची बक्षिसे कमी केली होती, त्यामुळे नाराजी दुप्पट झाली. पुढे स्टुडिओने माफी मागून खेळाडूंना दहा लाख क्रेडिट (गेममधील चलन) दिले आणि एप्रिलमधील १.११ या अपडेटमध्ये बक्षिसे वाढवली. यावरून व्यवहाराची एक गोष्ट घ्यावी. अपडेटच्या दिवशी सर्व्हरच्या देखभालीची वेळ आधी पाहून घ्यावी आणि तिच्या तोंडावर लांबलचक सहनशक्तीची शर्यत सुरू करू नये.

आता मुख्य मुद्दा. बदलांच्या टिपणात भौतिकी, सस्पेन्शन, टायर किंवा ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ (गाड्यांची शक्ती आणि वजन समतोल करण्याची व्यवस्था) यांपैकी कशाचाही उल्लेख असेल, तर जुन्या ट्यूनिंगवर (गाडीत स्वतः केलेल्या जुळणीवर) विश्वास ठेवू नये. जुलै २०२४ मधील १.४९ या अपडेटने वाहनांच्या भौतिकीत मोठा फेरफार केला, तेव्हा काही गाड्या विशिष्ट परिस्थितीत उसळून अक्षरशः हवेत उडू लागल्या. त्याची दुरुस्ती स्टुडिओने काही दिवसांतच पाठवली. इतका ठळक दोष कोणाच्याही लक्षात येतो. पण वळणात मागचा भाग किंचित लवकर सुटणे किंवा ब्रेक मारताना पुढच्या टायरवरचा भार वेगळा जाणवणे, हे बदल नुसत्या आठवणीवरून पकडता येत नाहीत. त्यासाठी मोजमाप लागते.

मोजमापासाठी एकच गाडी, एकच टायर आणि एकच ट्रॅक कायमचा ठरवून ठेवावा. त्सुकुबा हा ट्रॅक यासाठी उत्तम, कारण त्याची लांबी जेमतेम दोन किलोमीटर आहे आणि थोड्या वेळात अनेक फेऱ्या होतात. नुर्बर्गरिंगचा लांब नॉर्डश्लाइफे ट्रॅक कितीही मोहक वाटला, तरी तिथे एका फेरीतील चूक पुढच्या फेरीत सुधारेपर्यंत मूळ प्रश्नच विसरायला होतो. गाडी कारखान्यातून येते तशी, कोणतेही ट्यूनिंग न करता घ्यावी, टाइम ट्रायलमध्ये (एकट्याने वेळ नोंदवण्याच्या प्रकारात) सलग काही फेऱ्या माराव्यात आणि वेळेबरोबर टायरची पकड कुठे सुटली तेही लिहून ठेवावे. अपडेटच्या आधीची अशी नोंद हाताशी असेल, तर तुलना अर्ध्या तासात होते.

त्यानंतर ट्यून केलेल्या गाड्यांकडे वळावे. भौतिकी बदलली की गाड्यांचे परफॉर्मन्स पॉइंट्स, म्हणजे पीपी (गाडीची एकूण क्षमता दाखवणारा आकडा), नव्याने मोजले जातात. टोकियो एक्सप्रेसवेवरील ६०० पीपीच्या किंवा सार्डेन्यावरील ८०० पीपीच्या शर्यतीसाठी अचूक मर्यादेवर बसवलेली गाडी त्यामुळे एका आकड्याने बाहेर पडू शकते आणि शर्यतीत प्रवेशच मिळत नाही. अशा वेळी पूर्ण मांडणी मोडू नये. मूळ सेटिंग शीट (जुळणीची नोंद) तशीच ठेवून तिची प्रत करावी आणि प्रतीत पॉवर रिस्ट्रिक्टरचा (इंजिनाची शक्ती मर्यादित करणाऱ्या भागाचा) आकडा थोडा कमी करून किंवा थोडे बॅलास्ट (जादा वजन) टाकून पीपी पुन्हा मर्यादेत आणावा. सस्पेन्शनची उंची शेवटी बदलावी, कारण तिचा परिणाम पीपीबरोबरच गाडीच्या स्वभावावरही होतो आणि मग नेमके काय बदलले हे कळेनासे होते.

ज्या डेली रेसमध्ये (इतर खेळाडूंबरोबरच्या ऑनलाइन शर्यतीत) ट्यूनिंगला बंदी असते, तिथे हा खटाटोप नाही. तिथे फक्त कोणत्या गाडीची शक्ती किंवा वजन बदलले ते पाहावे. अपडेटनंतर पहिले दोन दिवस तरी मानांकनासाठी खेळू नये, असे माझे मत आहे. नव्या गाडीची हौस असलेले अनेक जण तेव्हा ट्रॅकवर उतरलेले असतात.

गाड्यांची खरेदी सर्वांत शेवटी. ब्रँड सेंट्रलमधील (नव्या गाड्यांच्या दालनातील) गाडी पुढेही मिळते, म्हणून तिच्यासाठी घाई करण्याचे कारण नाही. जुन्या गाड्यांच्या दालनात किंवा लेजेंड कार्समध्ये (ऐतिहासिक गाड्यांच्या दालनात) मात्र साठा बदलत राहतो, आणि ‘मर्यादित साठा’ अशी खूण दिसली की गाडी लवकरच तिथून जाणार, असे धरून चालावे. गेममधील कॅफेत नवी एक्स्ट्रा मेन्यू (ठरावीक गाड्या जमवण्याचे काम) आली असेल, तर तीत लागणाऱ्या तीन गाड्या पाहून मगच क्रेडिट खर्च करावेत. त्यांपैकी एखादी गॅरेजमध्ये आधीच उभी असण्याची शक्यता बरीच असते.