‘अंडी आढळली नाहीत’ हा शेरा लिहिण्यापूर्वी

कुत्र्यांची विष्ठातपासणी नव्याने शिकणाऱ्यांना अंकुशकृमीचे पातळ कवचाचे आणि गोलकृमीचे जाड, खडबडीत कवचाचे अंडे यांतला फरक माहीत असतोच, आणि काही आठवडे सूक्ष्मदर्शकावर बसले की तो नजरेतही भरतो. सुरुवातीला परागकण आणि हवेचे बुडबुडे सगळ्यांनाच फसवतात. त्याने खचू नये. मी फसलो ते रिकाम्या स्लाइडवर.

उमेदवारीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे 12 दिवसांचे पिल्लू आले. त्याचे डोळे पुरते उघडलेले नव्हते, हिरड्या पांढऱ्याफटक होत्या आणि कापसाच्या बोळ्याला डांबरासारखी काळी, चिकट विष्ठा लागत होती. मी प्लवन पद्धतीने, म्हणजे दाट द्रावणात अंडी वर तरंगवून, दोन स्लाइड पाहिल्या, ‘अंडी आढळली नाहीत’ असे लिहिले आणि जंतांची शक्यता मनातून काढून टाकली. दुसऱ्या दिवशी पिल्लू दगावले. शवविच्छेदनात लहान आतडे उघडले, तेव्हा रक्ताळलेल्या अस्तराला बारीक तांबूस कृमी तोंडाने घट्ट चिकटलेले दिसले.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच घात होतो. अंकुशकृमीच्या अळ्या आईच्या शरीरात सुप्त राहतात आणि व्यायल्यानंतर दुधावाटे पिल्लांत उतरतात. त्यांची वाढ होऊन अंडी विष्ठेत दिसू लागेपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे जातात. रक्तशोषण मात्र त्याआधीच सुरू झालेले असते. म्हणजे जीव घेण्याइतके कृमी आतड्यात असताना त्या वयाच्या पिल्लाच्या विष्ठेत एकही अंडे न सापडणे अगदी स्वाभाविक आहे. अशा वेळी वय, हिरड्या आणि विष्ठेचा रंग यांवर विश्वास ठेवा, आईची व भावंडांची तपासणी करा आणि उपचार स्लाइडसाठी अडवून धरू नका.

हाच काळाचा हिशेब इतरत्रही लागतो. चाबूककृमीची अंडी दिसायला सुमारे तीन महिने लागतात, तर हृदयकृमीची प्रतिजन चाचणी (रक्तातील कृमीच्या प्रथिनाची तपासणी) प्रौढ मादी ओळखते, त्यामुळे संसर्गानंतरचे पहिले पाच-सहा महिने ती नकारार्थी येऊ शकते. जिआर्डिया या आतड्यातील एकपेशीय परजीवीच्या पुटी (कवचबंद अवस्था) रोज पडत नाहीत, म्हणून काही दिवसांच्या अंतराने तीन नमुने घ्यावेत, त्यासाठी 1.18 विशिष्ट गुरुत्वाचे झिंक सल्फेटचे द्रावण वापरावे, कारण साखरेच्या दाट द्रावणात पुटी आकसून ओळखू येत नाहीत. पिसवांमुळे होणाऱ्या पट्टकृमीचे तुकडे तर बऱ्याचदा गुदद्वाराजवळच्या केसांतच सापडतात. शेपटी उचलून पाहायला विसरू नका.

काडीच्या टोकाएवढी विष्ठा स्लाइडवर पसरून निकाल देण्याची सवय मला मुळीच मान्य नाही. हलणाऱ्या आदिजीवांसाठी (एकपेशीय परजीवींसाठी) असा ताज्या विष्ठेचा पातळ लेप हवाच, पण अंड्यांसाठी दोन ते पाच ग्रॅम नमुना, सेंट्रिफ्यूज आणि कव्हरस्लिपखाली दहा मिनिटांची वाट याला पर्याय नाही. तसेच, स्लाइडवर ओझरती नजर टाकून नाव सांगणाऱ्या ज्येष्ठांपेक्षा ‘तुला काय दिसते ते आधी सांग’ म्हणणाऱ्यांजवळ बसा. त्यांच्याकडे वेळ जास्त लागतो आणि प्रश्नांनी जीव नकोसा होतो, पण माझी नजर त्यांच्यामुळेच तयार झाली.

आता माझ्या अहवालात असे वाक्य असते: ‘वय 12 दिवस, विष्ठेत अंडी आढळली नाहीत, अंकुशकृमीचा संसर्ग नाकारता येत नाही.’