स्कॉटलंडच्या वाळूटेकड्यांवर गोल्फ : निघण्यापूर्वीची तयारी

पुण्या-मुंबईचे चार गोल्फर स्कॉटलंडला जायचे ठरवतात, तेव्हा पहिल्याच बैठकीत मैदानांची यादी तयार होते आणि ती हमखास गरजेपेक्षा लांब होते. सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, म्यूरफील्ड, रॉयल ट्रून, टर्नबेरी आणि रॉयल डॉर्नॉख ही सगळी नावे आठ दिवसांत बसवायची म्हटली, तर खेळ कमी आणि मोटारप्रवास जास्त होतो. त्यामुळे तयारीतले पहिले काम खोडण्याचे आहे. एकच किनारा निवडावा, सात मुक्कामांत पाच राउंड, म्हणजे अठरा होलांचे पाच पूर्ण खेळ, धरावेत आणि एक संपूर्ण दिवस जाणीवपूर्वक मोकळा सोडावा. हा मोकळा दिवस आळसासाठी नाही. वादळी पावसात वाहून गेलेला राउंड किंवा अवचित मिळालेली वेळ सामावून घेण्यासाठी तो लागतो.

पहिल्या खेपेला पूर्व किनारा सोयीचा, असे माझे मत आहे. एडिंबरापासून नॉर्थ बेरिक रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर आहे आणि म्यूरफील्ड त्याच परिसरात आहे. फोर्थची खाडी ओलांडली की फाइफ लागते. तिथे सेंट अँड्र्यूज, क्रेल आणि ईली ही गावे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर नसली, तरी तासाभराच्या आत आहेत. टे नदीपलीकडचे कार्नूस्टीही एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. इन्व्हर्नेसच्या पलीकडचे डॉर्नॉख मात्र वेगळ्या सहलीसाठी राखून ठेवावे. त्या सहलीत इन्व्हर्नेसजवळच्या कॅसल स्टुअर्टलाही जाता येईल. 2012 साली जीव मिल्खा सिंगने स्कॉटिश ओपन जिंकली ती याच मैदानावर, त्यामुळे आपल्या माणसाला तिथे जरा जास्तच मोकळे वाटते.

लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधला, वाळूटेकड्यांचा, नांगराच्या उपयोगी न पडलेला पट्टा. कोकणात पुळणीच्या मागे मर्यादवेलीने धरून ठेवलेले वाळूचे उंचवटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या जमिनीची जात लगेच ओळखता येईल. फरक इतकाच, की तिथे मर्यादवेलीचे काम मॅरम नावाचे उंच, ताठ गवत करते आणि त्यामागच्या सपाटीवर फेस्क्यू जातीचे बारीक पात्यांचे गवत वाढते. वाळूत पाणी झटकन मुरते, त्यामुळे जमीन टणक राहते आणि पडलेला चेंडू थांबण्याऐवजी धावतो. झाडे जवळजवळ नसतात, त्यामुळे वाऱ्याला आडकाठी नसते. पुढे सांगितलेल्या जवळपास प्रत्येक तयारीचे मूळ या दोन गोष्टींत आहे.

महिना ठरवताना मे ते सप्टेंबर हा काळ धरावा. जूनच्या मध्यास सेंट अँड्र्यूजला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दुपारी चारला सुरू केलेला राउंडही उजेडात निवांत संपतो. मे महिन्यात गॉर्सची काटेरी झुडपे पिवळ्या फुलांनी भरलेली असतात आणि त्यांत शिरलेला चेंडू सोडून द्यायचा असतो, हे आधीच मनाशी ठरवून जावे. आपल्या सोयीचा विचार केला, तर मेअखेर किंवा जूनचा पहिला आठवडा उत्तम, कारण त्याआधीच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये सरावासाठी टणक जमीन आपल्याला घरीच मिळते. ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांना पावसाने मऊ झालेल्या मैदानावर सराव करून दगडासारख्या फेअरवेवर, म्हणजे होलकडे नेणाऱ्या छाटलेल्या गवताच्या पट्ट्यावर, उतरावे लागते. ज्या वर्षी ओपन अजिंक्यपद स्पर्धा आपल्या यादीतल्या मैदानावर असेल, त्या वर्षीच्या तारखाही तपासाव्यात. जुलै 2027 मध्ये ती सेंट अँड्र्यूजलाच आहे आणि स्पर्धेच्या आगेमागे पाहुण्यांना तिथे जागा मिळणे अवघड असते.

आरक्षणाचा भाग सविस्तर समजून घ्यावा लागतो, कारण सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानाची पद्धत इतरांहून निराळी आहे. सेंट अँड्र्यूजची सार्वजनिक मैदाने लिंक्स ट्रस्ट चालवतो आणि ओल्ड कोर्सच्या आगाऊ वेळांसाठीचे अर्ज आधीच्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस मागवले जातात. तो अर्ज हुकला किंवा नाकारला गेला, तरी बॅलट म्हणजे सोडत असतेच. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत किमान दोघांची आणि कमाल चौघांची नावे द्यावी लागतात आणि त्याच दिवशी निकाल कळतो. सोमवारचा राउंड हवा असेल तर नावे शनिवारी जातात, मंगळवारचा हवा असेल तर रविवारी. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो. याचा सरळ अर्थ असा, की सेंट अँड्र्यूजमध्ये एकच रात्र काढणाऱ्याने ओल्ड कोर्सची आशा धरू नये. सलग तीन-चार मुक्काम ठेवावेत, रोज नावे द्यावीत आणि नाव न निघालेल्या दिवशी शेजारच्या न्यू किंवा ज्युबिली कोर्सवर खेळावे. न्यू कोर्स या नावाने फसू नये, तो 1895 सालचा आहे. अर्जात हॅंडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, लिहावा लागतो, म्हणून आपल्या क्लबकडून हॅंडिकॅपचे ताजे, सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्याची छापील प्रत बॅगेत व छायाचित्र फोनमध्ये ठेवावे. म्यूरफील्डने पाहुण्यांसाठी आठवड्यातले ठरावीकच दिवस राखले आहेत, तेव्हा तिथली तारीख आधी पक्की करून बाकीचा आराखडा तिच्याभोवती रचावा.

ओल्ड कोर्सचे ऐन हंगामातले शुल्क माणशी तीनशे पौंडांच्या वर आहे आणि बाकीची नामांकित मैदानेही स्वस्त नाहीत. म्हणून पाचपैकी दोन राउंड तरी लहान गावांच्या क्लबांत ठेवावेत. ही काटकसर नव्हे, खरे तर मजा तिथेच असते. क्रेलची गोल्फ संस्था 1786 सालची आहे. ईलीच्या पहिल्या टीसमोर, म्हणजे जिथून होलचा पहिला फटका मारतात त्या जागेसमोर, उंचवटा असल्यामुळे पुढचे खेळाडू दिसत नाहीत, म्हणून तिथला स्टार्टर पाणबुडीच्या पेरिस्कोपमधून पलीकडे पाहून आपल्याला खेळायची परवानगी देतो.

आता सरावाविषयी. निघण्याआधीचे दोन महिने खरे तर यासाठीच आहेत आणि बहुतेक गट हेच काम टाळतात. आपल्याकडचा गोल्फ हवेतून खेळला जातो. पाणी देऊन मऊ ठेवलेल्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक छाटलेल्या हिरवळीवर, वेज या काठीने उंच फटका मारला की चेंडू जागच्या जागी बसतो, ही सवय आपल्या हाताला लागलेली असते. लिंक्सवर तोच फटका वारा उचलून नेतो, आणि नेला नाही तर चेंडू टणक ग्रीनवर आपटून मागच्या उतारावरून निघून जातो. यासाठी ग्रीनच्या चाळीस-पन्नास यार्ड अलीकडून सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने, म्हणजे धातूच्या डोक्याच्या काठीने, चेंडू थोडासा उचलून पुढे धावत नेण्याचा सराव रोज अर्धा तास तरी करावा. चेंडू मागच्या पायाकडे, हात पुढे आणि झोका पाऊण, इतकेच तंत्र पुरेसे आहे. समोरून वारा असेल तेव्हा जोर वाढवण्याचा मोह आवरावा, कारण जोराने चेंडूची फिरकी वाढते आणि तो आणखी वर चढतो. दोन-तीन नंबर खालचा, म्हणजे चेंडू जास्त लांब नेणारा क्लब (काठी) घेऊन सावकाश मारणे हाच उपाय आहे आणि तो हाताला पटायला वेळ लागतो. वाऱ्याच्या दिवशी मैदानावर जायचे आपण टाळतो, या दोन महिन्यांत मात्र मुद्दाम त्याच दिवशी जावे. अंतर मोजताना झेंड्यापर्यंतचे न घेता ग्रीनच्या पुढच्या कडेपर्यंतचे घ्यावे.

दुसरा सराव पटरचा, म्हणजे ग्रीनवर चेंडू जमिनीलगत होलकडे ढकलण्याच्या काठीचा. ओल्ड कोर्सवर सात ग्रीन जोडीचे आहेत, म्हणजे एकाच अफाट ग्रीनवर जातानाचा आणि परततानाचा असे दोन होल असतात, आणि जोडीतल्या होलांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा येते. चुकीच्या बाजूला पडलेला चेंडू तीस मीटरवरून पट करावा लागतो. असे लांब पट आणि ग्रीनच्या बाहेरून, छाटलेल्या गवतावरून केलेले पट यांचा सराव केलेला नसेल, तर तीन-तीन पटांत राउंड संपतो. वाऱ्याने चेंडू हलू नये म्हणून तिथली ग्रीन फार वेगवान ठेवत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. वेज मात्र पूर्णपणे घरी ठेवू नये. नॉर्थ बेरिकच्या तेराव्या होलवर ग्रीनच्या पुढ्यात दगडी गडगा आहे आणि तो चेंडू धावत ओलांडू शकत नाही.

बंकरचा सराव वेगळा सांगायला हवा. लिंक्सवरचे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, लहान, खोल आणि हिरवळीच्या विटा रचल्यासारख्या उभ्या भिंतींचे असतात. ओल्ड कोर्सवर असे 112 आहेत. चौदाव्या होलवरचा ‘हेल’ (नरक) बंकर लहान नाही, पण त्याचे नाव सार्थ आहे. आपल्या मैदानावरच्या पसरट बंकरमध्ये कडेला चिकटून उभे राहावे आणि चेंडू आडवा किंवा चक्क मागे काढण्याचा सराव करावा. अभिमान गिळण्याचाच हा सराव आहे. 2019 च्या नियमांनुसार चेंडू खेळण्याजोगा नाही असे जाहीर करून एकूण दोन फटक्यांच्या दंडावर बंकरच्या बाहेर, मागच्या रेषेत ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडून तिथून खेळता येतो. हा पर्याय गटातल्या प्रत्येकाला पाठ असावा. त्याच नियमांनी हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत तीन मिनिटांवर आणली आहे, म्हणून माणशी दीड डझन चेंडू सोबत न्यावेत. गुणांकनासाठी आपापसांत प्रत्येक होलला वेगळे गुण देणारी स्टेबलफोर्ड पद्धत ठरवून टाकावी. ती पहिल्यांदा 1932 मध्ये इंग्लंडमधल्या वॉलेसी या लिंक्सवरच स्पर्धेत वापरली गेली आणि एका बिघडलेल्या होलमुळे सगळा दिवस वाया जात नाही, हा तिचा गुण वाऱ्यात फारच उपयोगी पडतो.

शरीराची तयारी सोपी, पण चुकवू नये अशी आहे. आपल्याकडे बॅग वाहणारा कॅडी गृहीत धरलेला असतो. तिथे तो आगाऊ सांगावा लागतो, महाग असतो आणि त्याचे पैसे बहुधा रोख द्यावे लागतात. बग्गी, म्हणजे मैदानावर फिरायची छोटी गाडी, बहुतेक जुन्या लिंक्सवर वैद्यकीय कारणाशिवाय मिळत नाही. म्हणजे आठ-दहा किलोमीटर, उंचसखल वाळवंटी जमिनीवर, बॅग स्वतः वाहून किंवा ट्रॉली ओढून चालायचे आणि हे एक दिवसाआड नव्हे तर लागोपाठ. दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा बॅग खांद्यावर घेऊन चालावे. बॅग दोन पट्ट्यांची, हलकी आणि स्टँडची असावी. चौघांनी मिळून दोन राउंडांपुरता एखादा कॅडी घेतला, तर पैसे वसूल होतात, कारण ग्रीनवरचा उतार आणि टीवरून न दिसणारे बंकर त्यालाच ठाऊक असतात.

कपड्यांत एकच तत्त्व पाळावे : जाड एक नको, पातळ तीन हवेत. जूनमध्येही दुपारचे तापमान पंधरा-सतरा अंशांच्या घरात असते. त्यातच पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून ‘हार’ नावाचे गार धुके कधी कधी आत सरकते आणि ऊन असलेला दिवस दहा मिनिटांत राखाडी होतो. पावसाळी जाकीट आणि पँट खऱ्या अर्थाने जलरोधक, पण घाम बाहेर जाऊ देणारी असावी. आपले रबरी रेनकोट तिथे आतून भिजवतात. छत्री वाऱ्यात निरुपयोगी ठरते. ओल्यात पकड देणारे हातमोजे दोन्ही हातांसाठी, बुटांचे दोन जोड आणि कानांवर येणारी लोकरी टोपी न्यावी. त्वचेसाठी सनस्क्रीनही न्यावे, कारण गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही पण लागते.

कागदपत्रांपैकी ब्रिटनचा पर्यटक व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासून मागता येतो. तो पहिल्याच आठवड्यात मागावा. आपल्या वाहनपरवान्यावर पाहुण्याला तिथे बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि वाहतूकही डावीकडूनच असते, मात्र चौघे आणि चार गोल्फ बॅगा म्हणजे साधी मोटार पुरत नाही, व्हॅनच सांगावी. गाडी न घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्थानक नाही, लूकर्सला उतरून बस किंवा टॅक्सी करावी लागते. विमान कंपनीकडे गोल्फ बॅगेची नोंद तिकीट काढतानाच करावी, क्लबांची तोंडे टॉवेलमध्ये गुंडाळावीत, त्यांतल्या ‘ड्रायव्हर’ या लांब पल्ल्याच्या क्लबचे डोके निघत असेल तर काढून ठेवावे आणि बूट व पावसाळी कपडे हातातल्या सामानात घ्यावेत. क्लब भाड्याने मिळतात, पायाला बसलेले बूट मिळत नाहीत. अंतरमापकाच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँकही हातातच ठेवावी. खाऊ नेताना पेढे-बर्फी वगळावी, कारण दुधाचे पदार्थ भारतातून तिथे नेण्यास मनाई आहे. शेंगदाण्याची चिक्की मात्र खिशात बसते आणि अकराव्या होलवर तिची किंमत कळते.

शक्य असेल तर सेंट अँड्र्यूजला रविवारी सकाळी पोचेल असा आराखडा करावा. त्या दिवशी खेळ नसल्यामुळे गावकरी ओल्ड कोर्सवर फिरायला येतात आणि आपल्यालाही मोकळेपणी चालता येते. अठराव्या ग्रीनपासून उलट पहिल्या टीकडे चालत जावे, म्हणजे टीवरून लपलेले बंकर मागून दिसतात आणि कुठे मारायचे नाही ते वहीत लिहून घेता येते. नंतर शेजारीच 1867 सालच्या महिला पटिंग क्लबच्या उंचसखल हिरवळीवर थोडे पैसे भरून तासभर पट करावेत. तिचे नाव ‘हिमालयाज’ आहे आणि उतार पाहिले की ते का पडले हे सांगावे लागत नाही. या सगळ्यात एक गोष्ट मात्र विसरू नये : मंगळवारच्या सोडतीसाठी चौघांची नावे दुपारी दोनच्या आत द्यायची आहेत.