डेलियाचे कंद कुजायचे थांबले ते असे
डेलियाचे कंद लावले की कुजायचे. कारण पाणीच. कोंब येईपर्यंत कंदाला पाणी ओढणारी मुळं जवळजवळ नसतातच, मग घातलेलं पाणी नुसतं साचतं. आता भुसभुशीत, जेमतेम ओलसर मातीत कंद 10-15 सेंमी खोल आडवा ठेवते, डोळा (जिथून कोंब फुटतो ती जागा) वर. कोंब जमिनीवर दिसेपर्यंत पाणी बंद.

डोळा कंदाच्या अंगावर नसतो, जुन्या खोडाजवळच्या मानेपाशी असतो. मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत असो, फुटायचा नाही.

आधाराची काठी लावणीच्या वेळीच रोवायची. नंतर ठोकली तर नेमकी कंदातून जाते! कुंडीतलं रोप हलवायचं ते संध्याकाळी, मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. नत्राचं खत बेतानंच, नाहीतर नुसता पाला माजतो.