कर्नलसाहेबांचं गोल्फ, माझी द्राक्षं: केपच्या किनाऱ्याची सहल अशी आखा

नाशकात कुणाला सांगा की आम्ही गोल्फ खेळायला दक्षिण आफ्रिकेला चाललोय. समोरचा हमखास विचारणार, "का, आपल्या गोल्फ क्लबला काय झालं?" आमच्याकडे गोल्फ क्लब म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे सकाळी लोक चालतात, रणजीचे सामने होतात, गोल्फ तेवढं होत नाही.

आमचे हे तोफखान्यातून कर्नल म्हणून निवृत्त झाले. गोल्फचं खूळ लष्करातलं. मी दिंडोरी तालुक्यात साडेचार एकर वाइनची द्राक्षं करते, वीस वर्षं झाली. त्यामुळे सुट्टी म्हटलं की घरात दोन पक्ष. केप टाउनपासून पूर्वेकडे जाणारा किनारा हा आमच्यात झालेला एकमेव समझोता, कारण तिथे बाग आणि गोल्फचं मैदान यांत कित्येकदा फक्त एक कुंपण असतं. केप टाउनजवळच्या स्टेलनबॉशला डी झाल्झे नावाचं मैदान आहे, तिथे तर तेही नाही, हिरवळीच्या कडेनेच द्राक्षाच्या ओळी जातात.

पहिला प्रश्न केव्हा जायचं. पुस्तकी उत्तर फेब्रुवारी, कारण तेव्हा तिथे काढणी जोरात असते. पण आपली वाइनची काढणीही जानेवारी ते मार्चच चालते, तेव्हा बाग सोडून जाणार कोण? शिवाय केपच्या उन्हाळ्यात आग्नेयेकडून असा वारा सुटतो की मारलेला चेंडू परत अंगावर येईल. त्याला तिथे केप डॉक्टर म्हणतात. मी सांगेन, मार्चचा तिसरा आठवडा ते एप्रिलचा पहिला. आपला माल गेलेला असतो, खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतरची एप्रिलची छाटणी, अजून व्हायची असते. तिकडे वारा उतरलेला असतो आणि कॅबर्नेसारख्या उशिराच्या लाल जाती अजून वेलीवर असतात. देवमासे बघायचे असतील तर मात्र जून ते नोव्हेंबर. दोन्ही एकदम मिळत नाही.

व्हिसा लागतो. पासपोर्टात किमान दोन कोरी पानं हवीत. माझ्या बहिणीचं जाणं एवढ्यावरूनच एक महिना लांबलं. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून मिळतं, ते वर्षभर चालतं. तिथेही गाडी डावीकडूनच चालते, हा मोठा दिलासा. मुंबईहून दुबई, दोहा किंवा आदिस अबाबामार्गे केप टाउन. घड्याळ साडेतीन तास मागे, म्हणजे झोपेचे फार हाल नाहीत. प्लगसाठी विमानतळावर महागडे अॅडॉप्टर घेऊ नका. तिथली तीन जाड गोल पिनांची जुनी सॉकेटं आपल्या गिझरच्या सॉकेटसारखीच. मेन रोडवरच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात छोट्या पिनेचं मोठ्या पिनेत करणारा कन्व्हर्टर मिळतो, तोच न्या. आणि हो, लोडशेडिंग हा शब्द तिथेही असाच आहे. आम्हाला अगदी घरच्यासारखं वाटलं.

गोल्फची बॅग न्यायची की तिथे भाड्याने काठ्या घ्यायच्या, यावर आमच्याकडे आठवडाभर वाद झाला. बॅग नेली, आणि ती आमच्यानंतर दोन दिवसांनी केप टाउनला पोचली. तेव्हापासून आमचा नियम: बूट, हातमोजा आणि एक जोडी कपडे हातातल्या सामानात. काठ्या कुठेही मिळतात, पायात बसणारे बूट नाहीत. महागडा सेट नेत असाल तर निघताना मुंबईच्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना "हे तिकडून आणलं का?" हा प्रश्न उरत नाही. आपल्या क्लबचं हँडिकॅपचं, म्हणजे खेळाच्या पातळीचं, पत्रही बरोबर असू द्या. बुधवार आणि शनिवार बहुतेक क्लबांत सभासदांचे दिवस असतात, वेळ मागायची तर सोमवार, मंगळवार, गुरुवारची मागा. पाहुण्यांचा दर सभासदांपेक्षा चांगलाच जास्त असतो, त्यावर कुरकुर करून उपयोग नाही.

आता आमची चूक. पहिल्या खेपेला मुंबईच्या एका एजन्सीने कार्यक्रम करून दिला होता. सकाळी अठरा होलचं पूर्ण गोल्फ, दुपारी पाच वायनरी, संध्याकाळी डोंगरावर सूर्यास्त. कागदावर झकास. चौथ्या वायनरीत मला शिराझ ही लाल वाइन आणि काढा यातला फरक कळेना, आणि हे खुर्चीत बसल्याबसल्या घोरायला लागले. म्हणून सांगते: एका दिवसात एक गोल्फ किंवा दोन वायनरी. सकाळी लवकर खेळून दुपारी एखादी वायनरी जमते, पण मग संध्याकाळ मोकळी ठेवा. चव घेण्याच्या खोल्या चार-पाचच्या सुमाराला बंद होतात, तेव्हा जेवण लांबवू नका.

गाडी कोण चालवणार हे आदल्या रात्री ठरवा. तिथली मर्यादा रक्तात १०० मिलीला ०.०५ ग्रॅम अल्कोहोल, आपल्यापेक्षा सैल, कारण आपल्याकडे ०.०३ आहे. पण त्या भरवशावर राहू नका. थुंकायला शिका. प्रत्येक टेबलावर त्यासाठी भांडं असतं. पहिल्यांदा मला पान खाऊन रस्त्यावर पिंक टाकल्यासारखी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी सरावले. दोघांनाही प्यायचं असेल तर फ्रान्शहुकला वाइन ट्राम आहे, एका वायनरीत उतरायचं, पुढच्या ट्रामने दुसरीला जायचं.

रस्ता असा धरा. केप टाउनला तीन रात्री. रॉयल केप हा १८८५ चा, देशातला सर्वांत जुना क्लब. कॉन्स्टॅन्शिआ शहरातच आहे, तिथे १६८५ पासून द्राक्षं होतात. मग स्टेलनबॉशला तीन रात्री. इथेच १९२५ मध्ये पेरोल्ड नावाच्या प्राध्यापकाने पिनो न्वार आणि सँसो या दोन जातींचा संकर करून पिनोटाज ही लाल वाइनची नवी जात तयार केली. पहिल्या घोटाला ती मला आवडली नव्हती, तिसऱ्या वायनरीत आवडली.

स्टेलनबॉशला खरं बघायचं ते जुन्या वेली. आपण नाशकात शेनिन ब्लां ही पांढऱ्या वाइनची जात लावतो. ती जगात सर्वांत जास्त दक्षिण आफ्रिकेत आहे, तिथले जुने लोक तिला स्टीन म्हणतात. मला एका बागेत नेलं. तिथे मांडव नाही, वेलीला आधार देणारा वाय आकाराचा खांब नाही, तार नाही. गुडघ्याएवढं खोड, माझ्या मांडीसारखं जाड, साल सुटलेली, वर पाच-सहा काड्या पंज्यासारख्या उघडलेल्या. लागण पन्नास वर्षांपूर्वीची, पाणी फक्त पावसाचं. मी हात ठेवला तर खोड उन्हानं गरम होतं आणि सालीखाली मुंग्यांची रांग. आपण डॉग्रिजच्या खुंटावर कलम करून लावतो, पंधरा वर्षांत उत्पन्न घसरलं की बाग तोडतो आणि पुन्हा खड्डे घेतो. तिथे पस्तीस वर्षांवरच्या बागांना मानाचं पत्र आहे, बाटलीच्या गळ्यावर लागणीचं साल छापतात. एकरी किती निघतं असं मी विचारलं. उत्तर ऐकून वाटलं, आपल्याकडे एवढ्यात बँकेचा हप्ता निघणार नाही. पण बाटलीची किंमत ऐकली आणि गप्प बसले.

तुमची बाग असेल तर हे प्रश्न बरोबर न्या: छाटणी वर्षातून एकदाच का? कारण हिवाळ्यात वेल झोपते, आपल्याकडे झोपतच नाही, म्हणून एप्रिल आणि ऑक्टोबर. डावणी या बुरशीच्या रोगाचा त्रास किती? आपल्यापेक्षा कमी, कारण पाऊस हिवाळ्यात, फळ उन्हाळ्यात. टेस्टिंगवाल्या मुलीला हे विचारलं तर ती आतून एखाद्या मातीने हात भरलेल्या माणसाला बोलावते, आणि तिथून पुढे खऱ्या गप्पा होतात.

स्टेलनबॉशहून हर्मानसला जाताना हायवे घेऊ नका. गॉर्डन्स बेहून समुद्राच्या कडेने आर-४४ हा रस्ता जातो, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला फेसाळ पाणी. काचा वर ठेवा, बबून सप्तशृंग गडावरच्या माकडांपेक्षा धीट आहेत. बेटीज बेला पेंग्विन दिसतात. हर्मानसमागे हेमेल-एन-आर्दे नावाची दरी आहे, म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी. समुद्र अगदी जवळ, म्हणून थंड, म्हणून पिनो न्वार आणि शार्दोने. दोन रात्री पुरतात.

हर्मानस ते मोसेल बे तीनशे किलोमीटरच्या वर, मधे स्वेलेंडॅमला जेवा. रस्त्यात कुणी "पुढच्या रोबोटला डावीकडे" म्हणालं तर घाबरू नका, रोबोट म्हणजे सिग्नल. पार्किंगला गाडीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला निघताना पाच-दहा रँड द्या, सुटी नाणी खिशात हवीत.

मोसेल बेला पिनॅकल पॉइंटचं मैदान कड्यावर आहे आणि त्याच कड्याखालच्या गुहांत सुमारे १ लाख ६० हजार वर्षांपूर्वी माणसाने शिंपले खाल्ल्याच्या खुणा सापडल्या. २०२४ मध्ये त्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. ह्यांचे नऊ चेंडू समुद्रात गेले. जुने चेंडू न्या, नवे नाही. कर्नलसाहेब म्हणतात तिथलं किकुयू गवत जाड असतं, चेंडू मधल्या पट्टीत छान वर बसतो, पण बाहेर गेला की काठी अडकते, तेव्हा लहान काठीने आधी बाहेर या. नऊ होलनंतर हाफवे हाउसला थांबतातच, तिथे कांदा, टोमॅटो, चीज घालून भाजलेला सँडविच मागा. शाकाहारी माणसाला एरवी चाकालाका तारून नेते, घेवड्याच्या तिखट रश्श्यासारखी.

शेवटचा मुक्काम जॉर्जला. तिथल्या फॅनकोर्ट रिसॉर्टच्या द लिंक्स या मैदानावर २००३ चा प्रेसिडेंट्स कप हा दोन संघांचा गोल्फचा सामना अंधार पडल्यामुळे बरोबरीत सुटला, समोरासमोर आलेले टायगर वुड्स आणि एर्नी एल्स दोघंही हरले नाहीत. ही गोष्ट मी चार वेळा ऐकली आहे. तिथे खेळायचं तर रिसॉर्टमध्ये मुक्काम लागतो का, हे बुकिंगआधी विचारा. जॉर्जहूनच जोहान्सबर्गचं विमान धरा, तोच रस्ता उलटा करू नका. गाडी एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायचं वेगळं भाडं पडतं, ते आधीच ठरवा.

परतताना माणशी दोन लिटर दारू विनाजकात, म्हणजे दोन बाटल्या. तिसरी धरली की पाव लिटर जास्त होतं. बाटल्या जुन्या सुती साडीत गुंडाळते, आजवर एकही फुटली नाही. गोल्फचे बूट तिथेच धुवा, माती आणू नका. आणि त्या जुन्या वेलीची एक काडी पर्समध्ये घालायचा मोह मलाही झाला होता. परवान्याशिवाय रोपं-काड्या आणायला बंदी आहे, आणि रोग आला तर बोंब आपल्याच शिवारात. फक्त फोटो काढला.

विमान शनिवारी मुंबईत पोचेल असंच बघा. सोमवारी सकाळी सातला छाटणीची टोळी बांधावर असते, आणि मुकादम पहिला प्रश्न विचारतो, "ताई, काडीवर डोळे किती ठेवायचे?"