स्वतःचा मेल सर्व्हर टाकायचाय? मग टूल असं निवडा

गिटहबवर (टूल्सचा कोड असतो ती साइट) कुठल्या टूलला किती स्टार ते मोजत बसण्याआधी एक ठरवा, तुम्हाला मेलबॉक्स पाहिजेत का न्यूजलेटर पाठवायचंय, कारण दोन्हीची टूल्स पार वेगळी आहेत आणि निम्मे लोक इथेच गोंधळतात.

न्यूजलेटर असेल तर डोळे झाकून लिस्टमंक हे टूल. झिरोधाचे सीटीओ कैलाश नाध यांनी बनवलंय, एकच बायनरी (चालवायची फाइल) आणि खाली पोस्टग्रेस डेटाबेस, बारक्या व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) पण मस्त पळतं. फक्त मेल पाठवायला त्याला बाहेरचं एसएमटीपी (मेल पुढे पाठवणारा सर्व्हर) द्यावं लागतं, अ‍ॅमेझॉनचं एसईएस वगैरे. मॉटिक नावाचं टूल पण आहे, पण अमक्याने लिंकवर क्लिक केलं की त्याला तमकी मेल असलं काही करायचं नसेल तर कशाला एवढा पसारा.

मेलबॉक्स पाहिजेत? मग आधी व्हीपीएसवाल्याला विचारा की आउटगोइंग पोर्ट २५ (दुसऱ्या सर्व्हरला मेल देण्याचा रस्ता) उघडं आहे का आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून डोमेनचं नाव सांगणारी नोंद) सेट करता येतो का. एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) हे पोर्ट डीफॉल्ट बंद असतं, अर्ज करून उघडून घ्यावं लागतं. घरच्या ब्रॉडबँडवरून मेल सर्व्हर चालवायचा विचार सोडूनच द्या, त्या आयपीवरून आलेली मेल बहुतेक सर्व्हर घेत नाहीत. पोर्ट मिळालंच नाही तर पाठवण्यापुरता रिले (तुमची मेल पुढे पोचवणारा दुसरा सर्व्हर) लावा, येणारी मेल तुमच्याच सर्व्हरवर येऊ द्या, चालतं तसं.

आता रॅम बघा. मेलकाऊ माझ्या मते सगळ्यात भारी, पॅनेल छान, आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारं) आणि सोगो (ब्राउझरमधून मेल बघायचं) सोबतच येतात, पण त्याला ६ जीबी रॅम लागते (क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस बंद केला तर कमीत भागतं). १ जीबीचंच मशीन असेल तर मेल-इन-अ-बॉक्स, पण ते कोरं उबुंटू मागतं आणि डीएनएससकट अख्खं मशीन ताब्यात घेतं, तिथे तुमची वर्डप्रेस साइट वगैरे ठेवायची नाही हां. टर्मिनलची भीती नसेल, पॅनेल नको असेल तर डॉकर-मेलसर्व्हर.

काहीही घ्या, एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आली हे दाखवणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदी) लावायचेच, २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल याबाबतीत फारच कडक झालंय. लावून झालं की स्वतःच्या जीमेलवर एक मेल टाका, ती उघडून 'शो ओरिजिनल' करा, तिन्हीपुढे पास दिसलं पाहिजे.

आणि ज्या आयडीवरून क्लायंटला बिलं जातात तो लगेच हलवू नका, एखादं फालतू डोमेन घेऊन महिनाभर चालवून बघा.