रक्त पातळ होण्याची गोळी: हृदयरुग्णाला निर्णय घेण्यास मदत कशी करावी

चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटे, ईसीजी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) व हिमोग्लोबिनचे अहवाल हाताशी आहेत, असे मी गृहीत धरते.

प्रथम गोळी कोणत्या जातीची आहे ते पाहावे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातील प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉरफेरिन, ॲसिट्रोम, डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन आणि ॲपिक्साबॅन गुठळी बनण्याची प्रक्रिया दुसऱ्या ठिकाणी रोखतात. रक्त पातळ कोणतीच करत नाही. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील (एट्रियल फिब्रिलेशन; यात हृदयात गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते), तर ‘ॲस्पिरिन सौम्य आहे, तीच घ्या’ हा शेजारपाजारचा सल्ला मुळीच मानू नये. तिने पक्षाघात फारसा टळत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र राहतो.

धातूची कृत्रिम झडप असेल किंवा मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल, तर नव्या गोळ्यांचा (डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन, ॲपिक्साबॅन) पर्याय नाही. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम घेऊन आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासत राहावे.

एट्रियल फिब्रिलेशनच्या इतर रुग्णांच्या बाबतीत खरी अडचण धोके समजावताना येते. नाशिकमध्ये परिचारिका म्हणून काम करताना सुरुवातीची काही वर्षे मी रक्तस्रावाची यादीच आधी वाचून दाखवत असे. दिंडोरीकडचे सत्तरीचे एक द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर आले होते. मधुमेह, रक्तदाब आणि पूर्वी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, असे सगळे त्यांना होते. त्यांनी विचारले, “सिस्टर, कात्री लागली तर रक्त थांबेल का?” मी “वेळ लागेल” एवढेच म्हणाले. त्यांनी गोळी सुरूच केली नाही, आणि छाटणी उरकण्याआधी त्यांचा उजवा हात लुळा पडून वाचा गेली. बोटाची जखम स्वच्छ फडक्याने दहा-पंधरा मिनिटे, मधे न उघडता, घट्ट दाबून धरली की बहुधा थांबते. भीती बाळगायची ती पोटातल्या आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची, हे मी तेव्हा सांगायला हवे होते.

आता मी केसपेपरच्या मागे १०० ठिपके काढते. आधी पक्षाघाताचा धोका गुणांत मोजते. वय ६५ ते ७४ असल्यास १ गुण, ७५ पासून पुढे २. रक्तदाब, मधुमेह, हृदयाची अशक्तता आणि पूर्वीचा हृदयविकाराचा झटका यांचा प्रत्येकी १. आधी पक्षाघात होऊन गेला असल्यास २. त्या बागायतदारांचे ४ गुण होत होते. अशा १०० जणांपैकी गोळीविना वर्षाला साधारण ४ ते ५ जणांना पक्षाघात होतो, गोळीने एक-दोघांना. गोळी घेणाऱ्या १०० जणांपैकी सुमारे २ ते ३ जणांना वर्षभरात गंभीर रक्तस्राव होतो. त्यांतले काही गोळी नसतानाही झालेच असते. दोन्ही प्रकारचे ठिपके एकाच कागदावर रंगवावेत आणि पेन रुग्णाच्या हाती द्यावे. मुलगा किंवा सून उत्तर देऊ लागली, तर नम्रपणे थांबवावे, कारण गोळी आजोबांना घ्यायची आहे. ‘घ्यावीच लागेल’ म्हणून विषय संपवू नये. असा दबून दिलेला होकार पुढच्या महिन्यापर्यंतही टिकत नाही. वाढलेला रक्तदाब, दारू आणि स्वतःच्या मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, ही रक्तस्रावाची कारणे कमी करता येतात, हेही त्याच वेळी सांगावे.

गोळी निवडताना मूत्रपिंडाची स्थिती, खर्च आणि गावाहून तपासणीला येणे जमेल का, हे डॉक्टरांसमोर मांडावे. रिव्हरॉक्साबॅन दिवसातून एकदा, जेवणासोबत. ॲपिक्साबॅन आणि डॅबिगॅट्रान दोनदा. या नव्या गोळ्यांचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून विसरभोळ्या माणसाला त्या सोयीच्या आहेत, असे समजू नये. वॉरफेरिनवर मेथी-पालक बंद करायला सांगणे चूक आहे. रोजचे प्रमाण सारखे ठेवले की पुरते.

काळी शौच, डोक्याला मार किंवा अचानक आलेली अशक्तता जाणवल्यास लगेच रुग्णालय गाठावे. दात काढण्याआधी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. नव्या गोळ्यांवर क्रिएटिनिन वर्षातून किमान एकदा, पंचाहत्तरीनंतर दर सहा महिन्यांनी तपासावे, आणि रुग्ण निघण्यापूर्वीच ती तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी.